अनोळखी माणसाला काम का द्यावं?

नोकरी शोधणाऱ्या माणसाला आपल्याकडे एका गोष्टीची ददात कधी पडत नाही, ती म्हणजे सल्ल्याची. बायोडेटा एकाच पानाचा कर, इंग्रजी सुधार, मुलाखतीत न अडखळता बोल, पगार आधी त्यांना सांगू दे, दुसरी हातात आल्याशिवाय पहिली सोडू नकोस. यातला प्रत्येक सल्ला कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत खरा ठरलेला असतो, म्हणूनच तो इतक्या ठामपणे दिला जातो. पण हे सगळे सल्ले उमेदवाराकडेच बोट दाखवतात: त्याचं बोलणं, त्याचे कपडे, त्याचा आत्मविश्वास. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाची अडचण त्यात क्वचितच येते. ज्याला काम करताना एकदाही पाहिलेलं नाही, त्याच्या हाती यंत्र, गिऱ्हाईक किंवा गल्ला सोपवायचा आहे, आणि निवड चुकली तर वरच्या साहेबाला उत्तर द्यायचं आहे, ही ती अडचण. अनोळखी माणसाला काम का द्यावं, या प्रश्नाचं पटण्याजोगं उत्तर उमेदवाराने समोरच्याच्या हातात ठेवणं म्हणजे नोकरी शोधणं, असं हे पुस्तक मानतं. या दृष्टीने पाहिलं तर सल्ल्यांच्या ढिगातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे बऱ्यापैकी ठरवता येतं.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांनी त्याचं एक उत्तर शोधलं होतं, त्याचं नाव जॉबर. गिरणीचा मॅनेजर कामगारांना ओळखत नसे आणि ओळखण्याची त्याला गरजही वाटत नसे. कोकणातून किंवा देशावरून आलेला माणूस आपल्या गावच्या, आपल्या भावकीतल्या जॉबरकडे जाई, गाववाल्यांच्या गाळ्यात राही, खानावळीत जेवे, आणि पहाटे गिरणीच्या दारात बदलीसाठी उभा राही. कुणाला आत घ्यायचं हे जॉबर ठरवी आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा असं सुचवलं. 1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डं देऊन नियमनाचा प्रयत्नही केला. तरी जॉबर लगेच गेला नाही. तो लाच खात होता हे खरं, पण तो हमीही देत होता. आणलेला माणूस कामाला आला नाही तर त्याच्या गावापर्यंत पोहोचण्याची ताकद जॉबरकडे होती. ती हमी दुसरं कुणी देईना, तोवर मालकाला त्याच्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ती हमी सरकारी कागदावर देण्याचा मोठा प्रयोग म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी 1945 मध्ये ही कार्यालयं सुरू झाली आणि पुढे सगळ्यांसाठी खुली झाली. 1959 च्या कायद्याने 25 किंवा त्याहून जास्त माणसं कामावर असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवण्याची सक्ती केली. मात्र कार्यालयाने पाठवलेल्याच माणसाला घ्या, अशी सक्ती त्याच कायद्याने केली नाही. या एका फटीत संस्थेचं पुढचं सगळं भवितव्य दिसतं. कार्यालय नावं पाठवी, पण ती नोंदणीच्या ज्येष्ठतेने, माणसाच्या कामाबद्दल काही सांगून नव्हे. खासगी मालकाला त्या यादीतून फारसं काही कळत नसे. सरकारी खात्यांपुरता ‘कॉल’ येत राहिला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ एक्स्चेंजच्या यादीवर न थांबता जाहिरात देऊनही अर्ज मागवावेत असं म्हटलं आणि तीही मक्तेदारी सैल झाली. सरकारने स्वतःपुरतं वेगळं उत्तर आधीच शोधलं होतं, ते म्हणजे स्पर्धा परीक्षा. ओळखदेख न पाहता माणूस निवडण्याचं इतकं प्रामाणिक साधन दुसरं नाही. तिची खोट निराळी आहे. ज्याला ती जागा मिळत नाही, त्याच्याबद्दल ती बाहेरच्या जगाला काहीच सांगत नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाच वर्षं काढलेल्या मुलाकडे ज्ञान असतं, शिस्त असते, पण ते दाखवणारा कागद नसतो.

1982 च्या 18 जानेवारीला सुरू झालेला गिरणी संप, 1991 नंतरचं खुलं धोरण, चाकण-रांजणगाव-वाळूजचे कारखाने, हिंजवडीचे टॉवर या सगळ्यांनी नोकरीचं स्वरूप पालटलं. तो इतिहास इथे उगाळण्याची गरज नाही. शोधाच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष 1997. त्या वर्षी नोकरी डॉट कॉम सुरू झालं आणि रविवारच्या पेपरातला ‘पाहिजेत’चा स्तंभ हळूहळू पडद्यावर गेला. उस्मानाबादच्या मुलाला बंगळुरूची जागा दिसू लागली, हा फायदा मोठाच. पण त्याच जागेला आणखी हजार जण अर्ज करू लागले, आणि अर्ज वाचणाऱ्याचा वेळ काही हजारपट झाला नाही. मग चाळण्या आल्या: टक्केवारी, कॉलेजचं नाव, शब्द हुडकणारी संगणक प्रणाली. जॉबर निदान माणसाला पाहत तरी असे.

दरम्यान विसाव्या शतकात पश्चिमेत, मुख्यतः अमेरिकेत, नोकरी शोधण्याच्या सल्ल्याचं एक शास्त्र आणि त्याहून मोठा बाजार उभा राहिला. आपल्याकडच्या कार्यशाळा, समुपदेशक आणि व्हिडिओ तिथूनच उसनवारी करतात, बहुधा नकळत. म्हणून त्या परंपरेचे मुख्य प्रवाह ओळखून घेणं बरं. पहिला प्रवाह फ्रँक पार्सन्स यांचा. 1908 मध्ये त्यांनी बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1909 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. स्वतःला जाणा, कामाची माहिती घ्या, मग दोन्हींचा मेळ घाला, हा त्यांचा विचार. आजच्या सगळ्या कलचाचण्या त्याच्याच लेकी. पंधरा वर्षांच्या मुलाला त्या उपयोगी पडतीलही, पण अडतिसाव्या वर्षी कारखाना बंद पडलेल्या फिटरला आपला कल कळून फारसा फरक पडत नाही. दुसरा प्रवाह रिचर्ड बोल्स या धर्मोपदेशकाचा. काम गमावणाऱ्या सहकाऱ्यांसाठी त्यांनी 1970 मध्ये स्वतःच छापलेली पुस्तिका पुढे लाखोंनी खपली. जाहिरातींची वाट पाहत बसू नका, आपल्याला काय येतं त्याची यादी करा आणि जिथे काम करायचं आहे तिथल्या माणसांना स्वतःहून जाऊन भेटा, हा त्यांचा आग्रह. त्यातला भेटण्याचा भाग टिकाऊ आहे. आत्मशोधाच्या भागाचा मात्र पुढे अतिरेक झाला.

तिसऱ्या प्रवाहाबद्दल मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही, आणि या पुस्तकावर सर्वांत मोठं ऋण त्याचंच आहे. नेथन अझ्रिन हे वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ. त्यांनी इलिनॉय राज्यातल्या कार्बनडेल या छोट्या गावात बेकारांचा एक गट जमवला. या गटात प्रेरणादायी भाषणं नव्हती. रोज ठरल्या वेळी जमायचं, एकत्र बसून फोन करायचे, एकमेकांचे अर्ज तपासायचे, कानावर आलेली जागा गटाला सांगायची, आणि आज किती जणांशी बोललो ते लिहून ठेवायचं. नोकरी शोधणं हीच तूर्त पूर्णवेळ नोकरी समजायची. 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन महिन्यांनंतर या गटातले सुमारे 90 टक्के लोक कामाला लागलेले होते, तर तशाच परिस्थितीतल्या, पण गटाबाहेरच्या लोकांत हे प्रमाण 55 टक्क्यांच्या आसपास होतं. इतका मोठा फरक प्रत्येक गावात आणि काळात पडेल असं मानायचं कारण नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अझ्रिन यांनी कुणाचं व्यक्तिमत्त्व बदललं नाही. त्यांनी बदलली ती दर आठवड्याला कितीजणांपर्यंत पोहोचलो ती संख्या, आणि नकारांनंतरही ती टिकवून धरणारी सोबत. महाराष्ट्रात बचत गट आणि भिशी चालवण्याची सवय घरोघरी आहे. ज्या समाजाला दर महिन्याला ठरल्या दिवशी जमून हिशेब लिहिता येतो, त्याला असा गट परका वाटू नये.

चौथा प्रवाह ओळखींचा. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरातल्या नोकरदारांना, तुम्हाला हे काम कसं मिळालं, असं विचारलं. 1973 आणि 1974 मध्ये आलेल्या त्याच्या लेखनातून दिसलं की निम्म्याहून जास्त जणांना काम ओळखीतून मिळालं होतं. मात्र ती ओळख रोजच्या उठण्याबसण्यातली नव्हती. ज्याने काम सुचवलं त्याला नेहमी भेटणारे सुमारे 17 टक्के, अधूनमधून भेटणारे 56 टक्के आणि क्वचितच भेटणारे 28 टक्के. कारण उघड आहे. आपले जिवलग तेच जाणतात जे आपण जाणतो. जुना सहकारी, आयटीआयचा वर्गमित्र, दुकानात येणारा विक्री प्रतिनिधी यांचं जग निराळं असतं. 2022 मध्ये लिंक्डइनवरच्या 2 कोटींहून जास्त लोकांवर झालेल्या प्रयोगानेही हाच कल दाखवला. फक्त त्यात अगदीच पुसट ओळखीपेक्षा मध्यम विरळ ओळख जास्त कामाला आली.

इथे मराठी वाचकाच्या मनात पहिला आक्षेप उभा राहणार हे उघड आहे: म्हणजे वशिलाच ना? पात्र माणसाला डावलून भाच्याला बसवणं आणि ‘हा माणूस दोन वर्षं माझ्या हाताखाली होता, यंत्र बंद पडलं की आधी स्वतः उघडून बघतो’ असं सांगणं, या दोन गोष्टी एकाच पोत्यात घालण्याची सवय आपल्याला महागात पडते. पहिल्यात समोरच्याची माहिती दडपली जाते, दुसऱ्यात ती वाढते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रयोगात अर्जासोबत आधीच्या मालकाचं शिफारसपत्र जोडल्यावर बोलावणी सुमारे 60 टक्क्यांनी वाढली. ती पत्रं बड्या धेंडांची नव्हती, आधी जिथे काम केलं तिथल्या साध्या मालकांची होती. तरीही आक्षेपाचा एक भाग शिल्लक राहतो आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिक होईल. ज्याच्या घरात, आळीत, जातीत कुणी कार्यालयात कधी गेलंच नाही, त्याच्या विरळ ओळखीही त्याच वर्तुळात फिरतात. ओळखीचा सल्ला त्याला सर्वांत कमी लागू पडतो, आणि गरज त्यालाच सर्वांत जास्त असते. म्हणून या पुस्तकात ओळख ‘वापरण्या’पेक्षा ती शून्यातून कशी उभी करायची यावर जास्त पानं खर्ची पडली आहेत: ॲप्रेंटिसशिप, बदली काम, प्रशिक्षकाशी ठेवलेला संपर्क, कामगार संघटना.

दुसरा आक्षेप आणखी बोचरा आहे. भरवशाचा पुरावा दिला तरी समोरचा तो वाचतो का? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2005-06 मध्ये इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना 4808 अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित वाटणाऱ्या नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. 2007 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तरी या अभ्यासाचा उल्लेख नोकरीविषयक मार्गदर्शनात सहसा होत नाही, कारण तो सल्ला विकणाऱ्याच्या सोयीचा नाही. त्यावरचा इलाज कायद्याचा आणि राजकारणाचा आहे, बायोडेटाच्या मांडणीचा नाही. उमेदवाराच्या हाती थोडंच उरतं: जिथे नावावरून पहिली चाळणी लागते त्या दारांवर सगळा वेळ घालवायचा नाही, आणि जिथे कामाचा नमुना आधी पाहिला जातो, लेखी किंवा प्रात्यक्षिक चाचणी होते, सगळ्यांना तेच प्रश्न विचारले जातात, अशी दारं आधी ठोठावायची. योगायोगाने, प्रात्यक्षिक आणि ठरीव प्रश्नांची मुलाखत माणसाची कामातली कुवत ऐसपैस गप्पांपेक्षा चांगली हेरते, हे निवडीवरच्या दीर्घ संशोधनातही दिसून आलं आहे. मालकाचाही त्यात तोटा नाही.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. जागाच दहा असतील, तर एकाला शिकवून पुढे ढकलणं म्हणजे दुसऱ्याला मागे सारणं. फ्रान्समध्ये 235 भागांत केलेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नोकरी मिळवून देण्याच्या मदतीचा फायदा मदत न मिळालेल्यांच्या तोट्यावर काही अंशी झाल्याचं दिसलं, विशेषतः मंदी होती तिथे. हे मान्य केलंच पाहिजे. सल्ल्याने रोजगार निर्माण होत नाही, आणि बेरोजगारीवर ‘कौशल्य वाढवा’ एवढंच उत्तर देणारी व्यवस्था जबाबदारी टाळते. पण सगळ्या जागा अशा रांगेतल्या नसतात. माणूस मिळत नाही म्हणून महिनोन्‌महिने रिकामी राहिलेली, किंवा जाहिरातच न देता ओळखीत भरली जाणारी जागा हीसुद्धा बाजाराची वस्तुस्थिती आहे. तिथली माहिती जास्त लोकांपर्यंत पोहोचणं कुणाच्या तोंडचा घास काढून घेत नाही.

या वादाची एक मानसिक बाजू ओफेर शारोन यांच्या 2013 च्या पुस्तकात आहे. इस्रायल आणि अमेरिकेतल्या बेकार नोकरदारांची त्यांनी तुलना केली. इस्रायलमध्ये निवड कोरड्या निकषांवर होते असं लोक मानतात आणि नकार आला की व्यवस्थेला शिव्या देतात. अमेरिकेत निवड ‘सूर जुळण्यावर’ होते असं मानतात आणि नकार आला की माझ्यातच काही कमी आहे असं म्हणून खचतात. आपल्याकडे दोन्ही आहे: परीक्षार्थी पहिल्या वाटेने जातो, आयटीतून कमी केलेला मध्यमवयीन माणूस दुसऱ्या. ‘स्वतःला बदला’ छापाचा सल्ला या दुसऱ्या माणसाचं नुकसानच करतो, कारण आधीच स्वतःला कोसणाऱ्याच्या हातात तो आणखी एक काठी देतो.

आता जरा जवळून पाहू. आपल्याकडचा नेहमीचा बायोडेटा असा असतो: वर फोटो, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, दहावीपासूनची टक्केवारी, ‘संगणकाचे ज्ञान’, छंद म्हणजे वाचन व संगीत ऐकणे, आणि शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ असं सांगून सही. हा नमुना सरकारी अर्जातून आणि लग्नाच्या स्थळातून आला आहे. त्यात माणूस कोण आहे ते कळतं, तो काय करतो ते नाही. भेदभावाला लागणारी सगळी सामग्री वरच, भरवशाला लागणारी कुठेच नाही. ‘संगणकाचे ज्ञान’ याऐवजी ‘दोन दुकानांची खरेदी-विक्री टॅलीत नोंदवून जीएसटीचे विवरणपत्र सीएकडे वेळेत पोहोचवणे हे काम तीन वर्षे सांभाळले’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला एक चित्र दिसतं आणि विचारायला एक प्रश्न मिळतो. सुपरवायझरने किती माणसं, कुठली शिफ्ट, कुठलं यंत्र हे लिहावं. नर्सने किती खाटांचा विभाग ते लिहावं. ज्याने घर सांभाळलं किंवा परीक्षेत वर्षं घातली, त्याने मधला काळ लपवू नये. एका ओळीत सांगून त्यात जे कुणाच्या तरी उपयोगाचं केलं ते लिहावं. आणि हे सगळं सरळ, एका स्तंभात, कारण चौकटी-तक्त्यांची नक्षी चाळणीच्या प्रणालींना नीट वाचता येईलच असं नाही.

या साध्या गोष्टींना आज अचानक वजन आलं आहे. चॅटजीपीटीसारख्या साधनांमुळे 2022 च्या अखेरीपासून गुळगुळीत इंग्रजीतला अर्ज कुणालाही दोन मिनिटांत मिळतो. आधी चांगला लिहिलेला अर्ज हीच थोडीफार खूण होती, आता ती राहिली नाही. ऑनलाइन प्रमाणपत्रांचंही तेच. खूण स्वस्त झाली की मालक महाग खुणांकडे वळतो: जुन्या साहेबाला केलेला फोन, समोर बसवून करून घेतलेलं काम, ओळखीच्या कर्मचाऱ्याची शिफारस. म्हणजे तंत्रज्ञान फेरा मारून जॉबरच्या जवळपास येऊन पोहोचलं आहे, आणि त्याचे धोकेही सोबत आले आहेत. उमेदवारालाही समोरच्यावर भरवसा ठेवावा लागतो, हे विसरून चालत नाही. नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, ‘ट्रेनिंग’चे पैसे मागणारी नोकरी ही नोकरी नसते. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नयेत. कोकणातून आखातात जाणाऱ्याने एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासल्याशिवाय पासपोर्ट हातात देऊ नये. कंत्राटदारामार्फत लागणाऱ्याने पगाराची स्लिप कुणाच्या नावाची आणि पीएफ कोण भरतो, हे पहिल्याच दिवशी विचारावं. सीटीसीच्या आकड्यात मालकाचा पीएफचा 12 टक्के हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस मिसळलेला असतो. हातात काय येणार ते महिन्याच्या आकड्यात मागून घेणं यात लाजण्यासारखं काही नाही.

हे पुस्तक पंचवीस ते पन्नास या वयोगटातल्या, आधी काहीतरी काम किंवा तयारी केलेल्या आणि आता नवं काम शोधणाऱ्या माणसांसाठी आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी त्यात नाही, व्यक्तिमत्त्व विकास तर मुद्दामच नाही. प्रत्येक सल्ल्यासोबत तो कुणाला लागू पडत नाही हेही सांगण्याचा प्रयत्न आहे, आणि त्यामुळे काही जागी वाचकाला पुस्तक कचखाऊ वाटेल. तो दोष पत्करला आहे. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. नोटीस पीरियड चालू असेल तर रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा आणि पीएफचा यूएएन यांबद्दलचा भाग आधी वाचावा, कारण ते कागद मागण्याची सर्वांत सोपी वेळ कंपनीत असतानाची असते. काम आधीच सुटलं असेल तर गट जमवण्याचा भाग आधी वाचावा, आणि तो शक्यतो एकट्याने वाचू नये.